गवत, पेट्रोल आणि पडून राहणारं यंत्र

गणपतीसाठी मुंबईहून गावी उतरलेल्या चाकरमान्याचं स्वागत सगळ्यात आधी गवत करतं. मे महिन्यात झाडून ठेवलेल्या अंगणाची हद्द कुठे होती ते समजत नाही, विहिरीची वाट गुडघाभर गवतात बुडालेली असते आणि गडग्याचे वरचे चिरे तेवढे दिसतात. मग पडवीच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली झाकलेला पेट्रोलचा ग्रास कटर बाहेर निघतो. चोक लावला जातो, दोरी ओढून ओढून खांदा भरून येतो, प्लग काढून पुसून पुन्हा बसवला जातो. यंत्र ढिम्म. मे महिन्यात तेच यंत्र दुसऱ्या झटक्याला सुरू होत होतं.

दुकानात ग्रास कटर घ्यायला गेलेला माणूस ताकदीची चौकशी करतो. किती सीसी, किती व्होल्ट, एका टाकीत किती वेळ, एका चार्जिंगवर किती गुंठे. हे प्रश्न चुकीचे नाहीत. पण पेट्रोलचा घ्यावा की बॅटरीचा, हे ठरवायचं असेल तर माझ्या मते आधी वेगळाच प्रश्न विचारायला हवा: हे यंत्र वर्षातले किती दिवस पडून राहणार आहे? वाडीतला मशीनवाला पावसाळ्यापासून काजूच्या हंगामापर्यंत जवळपास रोज यंत्र खांद्याला अडकवतो. गणपतीत आणि मे महिन्यात तेवढं घर उघडणाऱ्याचं यंत्र वर्षातले अकरा महिने झोपलेलं असतं. दोघांना एकच यंत्र सुचवणारा दुकानदार एकाला तरी फसवतो.

पेट्रोल पडून खराब होतं, हे पटकन पटत नाही, कारण मोटारसायकलची टाकी महिनाभर तशीच राहिली तरी काही बिघडत नाही. पेट्रोल म्हणजे एकजिनसी पदार्थ नव्हे. हलक्या-जड अनेक हायड्रोकार्बनांचं ते मिश्रण असतं. इंजिन गार असताना पहिला भडका उडवायचं काम हलके घटक करतात आणि तेच आधी उडून जातात. मागे राहतं त्याचा हवेशी संयोग होऊन हळूहळू चिकटा तयार होतो. ग्रास कटरच्या कार्बोरेटरमधली पेट्रोलची भोकं मिलिमीटरहून बारीक असतात. थोडासा चिकटाही ती बुजवायला पुरतो. त्याच कार्बोरेटरमध्ये डायफ्रॅम नावाचा पातळ लवचीक पडदा असतो. इंजिनाच्या दाबाच्या ठोक्यांवर हलून तो पेट्रोल ओढतो, म्हणूनच यंत्र वाकडंतिकडं धरलं तरी चालतं. हा पडदा सुकून कडक झाला की कितीही दोरी ओढा, पेट्रोल वर येत नाही.

त्यात आता इथेनॉलची भर पडली आहे. 20 टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल आपल्याकडे फेब्रुवारी 2023 मध्ये विक्रीला आलं आणि 2025 पर्यंत ते देशभर पसरलं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि कोकणात जुलै-ऑगस्टच्या हवेला ओलाव्याचा तोटा नसतो. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी वेगळा थर धरतात. टाकीतली नळी नेमकी तळातूनच इंधन ओढते. छोट्या इंजिनांच्या अनेक पुस्तिकांत 10 टक्क्यांपर्यंतच्या इथेनॉलचाच उल्लेख असतो. त्यामुळे नवं यंत्र घेताना 20 टक्क्यांचं पेट्रोल चालतं का, हे पुस्तिकेत वाचूनच घ्यावं; दुकानदाराच्या तोंडी हमीवर राहू नये.

उपाय सोपा आहे आणि प्रत्येक मेकॅनिक तो सांगतो. काम संपलं की टाकी रिकामी करायची आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं, म्हणजे कार्बोरेटरही कोरडा होतो. दोन-चार मिनिटांचं काम. पण मुंबईची गाडी पकडायच्या दिवशी, बॅगा भरताना आणि पोह्यांच्या पिशव्या बांधताना, हे कोण करतो?

बॅटरीलाही पडून राहणं मानवतं असं नाही, पण तिच्या अटी सोप्या आहेत. लिथियम-आयन बॅटरी महिन्याला थोडीशीच उतरते. पूर्ण भरून उन्हाच्या जागी ठेवली तर ती लवकर म्हातारी होते, पूर्ण उतरवून महिनोन्‌महिने ठेवली तर कायमची दगावू शकते. साधारण निम्मी भरलेली, सावलीत, कोरड्या जागी ठेवली की ती खूश. आणि मुख्य म्हणजे ती यंत्रातून काढता येते. यंत्र पडवीत राहू द्यावं, बॅटरी आणि चार्जर पिशवीत घालून मुंबईला न्यावेत. पुढच्या भाद्रपदात गावी जाण्याच्या आदल्या रात्री ती चार्जिंगला लावली की झालं.

म्हणजे बंद घरवाल्यानं डोळे मिटून बॅटरीचा घ्यावा? इथेच खरी पंचाईत आहे. जो वर्षभर घरी असतो तो गवत घोट्याएवढं असतानाच कापू शकतो, आणि घोट्याएवढं कोवळं गवत कुठलंही यंत्र कापतं. जो चार महिन्यांनी येतो त्याच्यासमोर मात्र कमरेएवढं, दाट, खाली लोळलेलं गवत उभं असतं. ज्याला पडून राहण्याच्या दृष्टीनं बॅटरी सोयीची, त्यालाच कामाच्या दृष्टीनं पेट्रोलची ताकद हवी असते.

ही ताकद किती, ते आकड्यांत बघू. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण 9 युनिट ऊर्जा असते. घराच्या वीजबिलातलं युनिट तेच हे, म्हणजे 9,000 वॉट-तास. लहान इंजिन त्यातली बरीचशी उष्णता, धूर आणि आवाजात घालवतं. 15 टक्के जरी शाफ्टपर्यंत पोहोचली असं धरलं, तरी तेराशे-साडेतेराशे वॉट-तास हाती लागतात. आता बॅटरीचा हिशेब. तिच्यावर व्होल्ट आणि अँपिअर-तास छापलेले असतात. दोघांचा गुणाकार म्हणजे वॉट-तास. 36 व्होल्ट, 4 अँपिअर-तासांची बॅटरी, जी बागकामाच्या यंत्रांत चांगली समजली जाते, तिचे होतात 144. मोटर बरीच कार्यक्षम असते, तरी सव्वाशेच्या आतबाहेरच कामी येतात. म्हणजे पाऊण किलो वजनाच्या एक लिटर पेट्रोलची बरोबरी करायला किलोभराहून जड अशा दहा-अकरा बॅटऱ्या लागतील.

हिशेब असा मांडला की बॅटरी हरल्यासारखी वाटते, पण अंगणातल्या गवताला एवढी ताकद लागतच नाही. हलक्या कामात यंत्र सरासरी 400 वॉट खात असेल तर 144 वॉट-तासांची बॅटरी वीस मिनिटांच्या आसपास चालते. बोट सोडलं की मोटर थांबते, वीज जात नाही. पेट्रोलचं इंजिन मात्र आपण घाम पुसत उभे असतानाही पेट्रोल पीत गुरगुरत असतं. घराभोवतीच्या दोन-तीन गुंठ्यांना वीस मिनिटं आणि एक जादा बॅटरी पुरते. तेच यंत्र दसऱ्यानंतर काजूच्या बागेत नेलं, समोर जाड दांड्यांची रानमोडी आली आणि मोटर हजार वॉट खेचू लागली की बॅटरी आठ-नऊ मिनिटांत संपते. पुन्हा भरायला तास-दीड तास, आणि बागेत वीज नसते. पाठीवर बांधायच्या हजार वॉट-तासांच्या पुढच्या बॅटऱ्याही निघाल्या आहेत. त्या शहरातल्या मोठ्या बागा सांभाळणाऱ्या ठेकेदारांना परवडतात. आपल्या बागायतदारानं तूर्त तिकडे बघू नये.

बॅटरीच्या खोक्यावरचे आकडे फसवे असतात, ते एकदा समजून घ्यायला हवेत. लिथियम-आयनच्या एका सेलचा सर्वसाधारण दाब 3.6 व्होल्ट, पूर्ण भरल्यावर 4.2. पाच सेल एकापुढे एक जोडले की एक कंपनी 18 व्होल्ट छापते, दुसरी 20 व्होल्ट मॅक्स आणि तिसरी 21. बॅटरी तीच. दहा सेलच्या 36 आणि 40 व्होल्टचंही असंच. म्हणून व्होल्टच्या आकड्यानं हुरळून न जाता वॉट-तास विचारावेत. ऑनलाइन मिळणाऱ्या काही स्वस्त यंत्रांवर अँपिअर-तासच छापलेले नसतात. अशा यंत्राचा दुसरा काहीही गुण मला दिसत नाही. पेट्रोलच्या यंत्रांत हीच गंमत सीसीची आहे. 52 सीसीचा आकडा बघून 35 सीसीच्या चांगल्या इंजिनाला कमी लेखू नये. सीसी म्हणजे सिलिंडरचं आकारमान. ताकद हवी असेल तर किलोवॉट किंवा हॉर्सपॉवर विचारा.

पेट्रोलमध्येही दोन जाती. टू-स्ट्रोक इंजिन हलकं, साधं, चढावर वागवायला बरं. त्यात वेगळा ऑइलचा साठा नसतो. पेट्रोलमध्येच टू-टी ऑइल मिसळावं लागतं. कंपनी सांगेल त्याप्रमाणे लिटरला 20 मिलिलिटर किंवा 40. ते घालायला विसरलं तर पिस्टन थोड्याच वेळात जाम होतो, आणि ती दुरुस्ती नव्या यंत्राच्या किमतीची आठवण करून देते. जास्त घातलं तर धूर आणि प्लगवर काजळी. फोर-स्ट्रोकमध्ये ऑइल वेगळं असतं, मिश्रणाची कटकट नाही, पेट्रोल कमी लागतं, धूर कमी. होंडाचं जीएक्स-35 हे 35.8 सीसीचं इंजिन या जातीतलं, कुठल्याही कोनात धरलं तरी चालणारं. वजन थोडं जास्त, आणि ऑइल वेळच्या वेळी बदलावं लागतं. दिवसभर मशीन चालवणाऱ्यानं हलक्या टू-स्ट्रोकचा मोह सोडून फोर-स्ट्रोक घ्यावा, असं माझं मत आहे. त्याच्या फुप्फुसांसाठी तरी.

टू-स्ट्रोकचा धूर हा ऑइल जळण्यापुरता प्रश्न नाही. या इंजिनात जळालेला वायू बाहेर ढकलायचं आणि नवं मिश्रण आत घ्यायचं काम एकाच वेळी चालतं. त्या गडबडीत नव्या मिश्रणाचा एक मोठा हिस्सा न जळताच सायलेन्सरमधून निसटतो. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यानं याच कारणावरून 2021 मध्ये कायदा केला, आणि 2024 पासून तिथे बनणाऱ्या व विकल्या जाणाऱ्या बहुतेक नव्या छोट्या बागकाम-यंत्रांना धूर सोडायची मुभा राहिली नाही. जुनी वापरायला बंदी नाही. तिथल्या वायू संसाधन मंडळानं दिलेली तुलना गाजली: पेट्रोलवर चालणारा व्यावसायिक लीफ ब्लोअर तासभर चालवला तर धुरके तयार करणारं जेवढं प्रदूषण होतं, तेवढं 2017 ची टोयोटा कॅम्री सुमारे 1,770 किलोमीटर चालवल्यानं होतं. लीफ ब्लोअर आणि ग्रास कटर यांची इंजिनं एकाच घराण्यातली. पण कॅलिफोर्नियातलं बहुतेक गवत घरापुढच्या हिरवळीचं असतं, दर आठवड्याला कापलं जाणारं, आणि भिंतीत विजेचा सॉकेट असतो. लांज्याच्या डोंगरउतारावरच्या काजूला तो कायदा जसाच्या तसा लावता येणार नाही.

आवाजाचा मुद्दा मात्र दोन्हीकडे सारखाच. पेट्रोलचं यंत्र चालवणाऱ्याच्या कानाशी 95 ते 100 डेसिबल आवाज सहज करतं. अमेरिकेतली कामगार-आरोग्य संस्था 85 डेसिबल आठ तास चालतील असं मानते आणि पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा करते. त्या हिशेबानं 100 डेसिबल म्हणजे पंधरा मिनिटं. आपले मशीनवाले सकाळी आठपासून दुपारपर्यंत, कानात काहीही न घालता, हेच ऐकतात. बॅटरीचं यंत्रही मुकं नसतं, गवतावर नायलॉनची दोरी आपटल्याचा आवाज असतोच, पण शेजारचा माणूस हाक मारतो ती ऐकू येते. दुपारी वामकुक्षी घेणाऱ्यांच्या सोसायटीत एवढा एक मुद्दाही निकाल द्यायला पुरे.

यंत्र पेट्रोलचं असो की बॅटरीचं, कापतं ते टोक, म्हणजे नायलॉनची दोरी किंवा धातूचं पातं, आणि त्याची निवड अनेकदा इंजिनाहून महत्त्वाची ठरते. नायलॉनच्या दोरीची कल्पना टेक्सासमधल्या ह्यूस्टनच्या जॉर्ज बॅलस यांची. 1971 मध्ये गाडी धुण्याच्या केंद्रात फिरणारे नायलॉनचे ब्रश पाहून त्यांना ती सुचली. त्यांनी पॉपकॉर्नच्या डब्याला भोकं पाडली, त्यांतून मासेमारीची दोरी ओवली आणि तो डबा फिरत्या यंत्राला जोडला. झाडांच्या बुंध्याभोवतीचं गवत साल न दुखावता कापता यावं, हा त्यांचा हेतू. गृहस्थ नृत्यशाळेचे चालक होते. आधी कुणी कंपनी दाद देईना म्हणून त्यांनी स्वतःच ‘वीड ईटर’ नावानं ते विकलं, आणि 1977 मध्ये तो धंदा इमर्सन इलेक्ट्रिक कंपनीला दिला.

दोरी मऊ असते, पण वेगानं ताठ होते. 40 सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ मिनिटाला 7,000 फेऱ्यांनी फिरलं तर तिचं टोक ताशी पाचशे किलोमीटरच्या पुढे धावतं. एवढ्या वेगात गवताच्या काडीला वाकायला वेळच मिळत नाही, ती तुटते. म्हणजे दोरी कापत नाही, फोडते. याचे परिणाम शेतकऱ्याला लगेच कळतात. दोरीनं मारलेल्या गवताचा भुगा होतो आणि तो गोठ्यात नेता येत नाही. वैरण हवी असेल तर धातूचं पातं लावायचं. त्यानं गवत बुडातून तुटून एका बाजूला ओळीनं पडतं, पेंढ्या बांधता येतात. रानमोडी, घाणेरी, करवंदीच्या जाळीची कोवळी फूट यांनाही पातंच हवं. उलट जांभ्याचा कातळ आणि गडगा जवळ असेल तर पातं दगडावर आपटून उसळतं, तिथे दोरी बरी. बॅटरीच्या लहान यंत्रांना अनेकदा पातळ दोरीच चालते, पातं लावायची सोयच नसते. ज्याच्या घरात गाय आहे त्यानं ही एक गोष्ट खरेदीआधी विचारावी.

आता पंचाईतीकडे वळू. बंद घर आणि कमरेएवढं गवत. माझा सल्ला असा की पहिली जबर कापणी मशीनवाल्याला रोजावर देऊन टाकावी, शक्य असेल तर गावी पोहोचण्याआधीच, फोनवर सांगून. त्यानंतरची डागडुजी, अंगण, वाट, तुळशीपुढची जागा, मे महिन्यातलं झाडझूड, यासाठी 36 व्होल्टच्या आसपासचं बॅटरीचं यंत्र ठेवावं. त्या यंत्राकडून बागेची बेणणी करून घ्यायची हौस करू नये. एकराहून मोठी आंबा-काजूची बाग आणि घरात चालवणारा माणूस असेल तर पेट्रोलचा फोर-स्ट्रोक, आणि त्याची टाकी रिकामी करायची सवय. पुण्या-नाशकातल्या बंगल्याच्या हिरवळीला पेट्रोल घेणाऱ्याचं मला नवल वाटतं. दुकानात एवढंच पक्कं करावं की बॅटरी सुटी मिळते का, त्याच बॅटरीवर त्या कंपनीची फांद्या छाटायची यंत्रं चालतात का, आणि कार्बोरेटर किंवा नायलॉनचं हेड तालुक्याच्या गावात मिळतं का. पाच-सहा वर्षांनी बॅटरी थकते. तेव्हा तिचा साचाच बाजारातून गेलेला असेल तर चालू यंत्रही अडगळीत जातं.

जानेवारीनंतर गवत वाळलं की आणखी एक गोष्ट आड येते. काजूच्या बागेभोवती वणवा अडवण्यासाठी पट्टा साफ करताना तापलेला सायलेन्सर सुक्या गवताला टेकला तर वणवा आपणच लावू. गरम इंजिनात पेट्रोल ओतणं त्याहून वाईट. बॅटरीच्या यंत्रात सायलेन्सर नाही, ही सोय. पण पातं कातळावर घासलं तर ठिणगी दोन्हीकडे उडते. म्हणून हे काम सकाळी दव असताना उरकावं आणि पाण्याचा कॅन जवळ ठेवावा. गमबूट, चष्मा आणि पायांवर जाड कापड हे फुरशासाठीही आणि उडणाऱ्या खड्यांसाठीही. पंधरा मीटरच्या आत मूल, गुरं किंवा उभी गाडी नको. दोरीनं उडवलेला खडा गाडीची काच फोडतो, हे गावोगाव माहीत आहे.

आणि कलमं. बॅलस यांना साल वाचवायची होती, पण त्यांचीच दोरी दोन-तीन वर्षांच्या काजूच्या कलमाची साल एका फेरीत सोलून काढते. साल पूर्ण गोल निघाली की पानांत तयार झालेलं अन्न मुळांकडे उतरत नाही, आणि काही महिन्यांत कलम वाळतं. मशीनवाल्याला आधीच सांगून ठेवावं की प्रत्येक कलमापासून हातभर अंतर सोडायचं. तेवढं गवत विळ्यानं काढावं आणि तिथेच बुंध्यापासून थोडं दूर पसरावं, म्हणजे उन्हाळ्यात ओलही टिकते.